वाघाला नाव आहे, फिटरला नाही

मागच्या सोमवारी टीममधला एक मित्र ताडोबाहून परत आला. चार सफाऱ्या, भाड्याने आणलेली भलीमोठी लेन्स आणि दोन हजार फोटो. कॅन्टीनमध्ये चहा घेता घेता त्याने लॅपटॉप उघडला आणि सुरू झाला. ही अमुक वाघीण, ही तमुकची मुलगी, हिचा बाप मटकासुर. मग गाडी मायावर आली. माया म्हणजे टी-12. तिचा इलाका कुठला, तिची पिल्लं किती जगली, 2023 मध्ये ती दिसेनाशी झाली तेव्हा लोक कसे हळहळले, सगळं पोराला तोंडपाठ. माझ्या स्वतःच्या चुलत भावंडांची नावं मला इतकी सलग सांगता येणार नाहीत.

मी मूळचा चंद्रपूर जिल्ह्यातला. त्यामुळे शेवटी प्रश्न आलाच, "अरे, तुमच्याकडे वाघ सोडून अजून काय आहे बघण्यासारखं?"

मी म्हटलं, "माणसं आहेत."

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर तो विनोद काही डोक्यातून जाईना. चंद्रपूरहून मोहर्लीच्या गेटला जाताना आधी थर्मल पॉवर स्टेशनच्या चिमण्या दिसतात, मग दुर्गापूर-पद्मापूरच्या कोळसा खाणी लागतात. सफारीला निघालेली मंडळी तिथे गाडीच्या काचा वर करतात, कारण धूळ येते. कॅमेरे बॅगेतच असतात. ते पुढे, जंगलात, बाहेर निघतात.

वाघाचे फोटो काढू नका असं मी म्हणत नाहीये. खुशाल काढा. पण आपल्या भागात वाघाला नाव आहे, नंबर आहे, वंशावळ आहे. आणि शंभर-दीडशे वर्षं ज्यांनी खाणी, भट्ट्या, कारखाने चालवले त्या कसबी माणसांचे फोटो मुळात थोडे, आणि जे आहेत त्यांच्याखाली नावं नाहीत. हे मला खटकतं. का खटकतं ते सांगण्यासाठी आमच्या घरातला एक फोटो दाखवावा लागेल.

आमच्या आजोबांनी 1958 पासून रिटायर होईपर्यंत कागद कारखान्यात काम केलं. शेवटची बरीच वर्षं ते मशीनमन होते. म्हणजे काय, हे मला इंजिनिअर झाल्यावर कळलं. बांबूच्या चिपा कॉस्टिकमध्ये शिजतात, लगदा धुतला जातो, ब्लीच होतो, आणि मग तो पाण्यासारखा पातळ लगदा एका पळत्या जाळीवर पडतो. जाळीवरून प्रेसमध्ये, प्रेसमधून वाफेने तापलेल्या सिलिंडरांवर, आणि दुसऱ्या टोकाला कागदाचा रोल. मधे कुठेही कागद तुटला की त्याची शेपटी पकडून पुन्हा सगळीकडून ओवून न्यायची. मशीन चालू, सिलिंडर गरम, आणि खाली लगद्याचा ढीग वाढतोय. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शन बंद न करता प्रॉडक्शनमध्ये फिक्स टाकणे. आपल्याला ते करताना फार तर घाम फुटतो. तिथे हात भाजायचा.

घरी लग्नाची पत्रिका आली की आजोबा आधी तिचा कोपरा चिमटीत धरून कानाजवळ नेऊन झटकायचे. कागद वाजायचा. "ओला राहिला," म्हणायचे, किंवा नुसती मान हलवायचे. लग्न कोणाचं ते मग विचारायचे. लहानपणी आम्हा पोरांना ती म्हातारपणाची लहर वाटायची. त्या कानाला आणि त्या दोन बोटांना पगार मिळत होता हे तेव्हा कुठे ठाऊक!

तर, या माणसाचा कामाच्या जागी काढलेला एकच फोटो आमच्याकडे आहे. 1960च्या दशकातला असावा. मशीनसमोर तीन रांगांमध्ये चौतीस माणसं. मधोमध खुर्च्यांवर पाच जण, टाय लावलेले. बाकीचे उभे, काही खाली मांडी घालून. आजोबा मधल्या रांगेत डावीकडून तिसरे, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, हात कुठे ठेवावे हे न कळल्यासारखे. पुठ्ठ्याच्या मागे पेन्सिलने लिहिलंय, 'मशीन नं. 2'. बस्स. फोटोत चौतीस माणसं, पण नाव कोणाचं, तर मशीनचं.

हे काही आमच्याच घरी झालं असं नाही. आमच्या जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासाचीच ती गोष्ट आहे. आज वरोरा म्हटलं की आनंदवन आठवतं. पण 1870च्या दशकात तिथे सरकारी कोळसा खाण सुरू झाली होती, त्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आणला होता, आणि 1906 मध्ये ती बंदही झाली. तीसेक वर्षं कोणीतरी तिथे खांब सोडून कोळसा काढला, कोणीतरी पंप चालवून पाणी उपसलं, छत कधी बोलायला लागतं हे कोणाच्या तरी कानाला कळत होतं.

त्याहून भारी गोष्ट लोहाऱ्याची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या लोहाऱ्याच्या लोहखनिजावर रिटर फॉन श्वार्त्झ नावाच्या तज्ज्ञाचा अहवाल 1882 मध्ये प्रसिद्ध झाला. तो जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. तेव्हा ते 43 वर्षांचे होते, आणि नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल 1877 पासून चालू होती. पोलादाचं स्वप्न त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं ते या अहवालामुळे. खाणींचे नियम सैल व्हायला 1899 उजाडलं. मग 1903च्या सुमारास त्यांचा मुलगा दोराबजी आणि वेल्ड नावाचा अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ चांद्याच्या जंगलात फिरले. कारखान्याला पुरेल असं गणित काही तिथे जुळलं नाही. पुढे नागपूरच्या म्युझियममधल्या एका नकाशाने दोराबजींना दुर्ग जिल्ह्याकडे नेलं, तिथून गाडी मयूरभंजला गेली, आणि कारखाना उभा राहिला साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. पहिलं पोलाद 1912 मध्ये निघालं.

या गोष्टीतली नावं मोजा. फॉन श्वार्त्झ, जमशेटजी, दोराबजी, वेल्ड. आता विचार करा, लोहाऱ्याच्या डोंगरात लोखंड आहे हे पहिल्यांदा कोणाला कळलं? गावाच्या नावातच उत्तर आहे. या भागात मातीच्या छोट्या भट्ट्यांमध्ये कोळसा आणि दगड थरावर थर घालून, भाते मारून लोखंड गाळणारी माणसं पिढ्यान् पिढ्या होती. त्यांच्याकडे ना थर्मामीटर ना मॅन्युअल. ज्वाळेचा रंग बघून भट्टी कधी फोडायची ते ठरवायचं. घाई केली तर लोखंड कच्चं, उशीर केला तर कोळसा फुकट. मी ज्याला 'प्रोसेस कंट्रोल' म्हणून सेमिस्टरभर घोकलं, ते हेच. बाजारात स्वस्त विलायती लोखंड आलं, जंगलावर कायदे बसले, कोळसा पाडणं अवघड झालं, आणि भट्ट्या विझल्या. अहवाल लिहिणाऱ्याचं नाव राहिलं. भट्टी लावणाऱ्याचं राहिलं नाही.

बरं, त्या काळात कॅमेरा नव्हता असंही नाही. उलट इंग्रज सरकारने 1868 ते 1875 या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले, साडेचारशेहून जास्त फोटोंचे. पण त्यात बहुतेक फोटोंखाली असतं जातीचं किंवा जमातीचं नाव. समोरचा माणूस म्हणजे एक नमुना. म्युझियममधल्या दगडाखाली जशी चिठ्ठी लावतात तशी चिठ्ठी. पुढे कारखाने आले तेव्हा फोटोग्राफरला बोलावलं मालकाने, आणि त्याला दाखवायचं होतं यंत्र. त्या फोटोंत माणूस असतो, नाही असं नाही. पण फ्लायव्हीलशेजारी उभा केलेला, चाक किती मोठं आहे ते कळावं म्हणून. माणूस म्हणजे फूटपट्टी.

आता इथे थोडं अमेरिकेत जाऊन येऊ. (आपल्या फील्डमध्ये हे काही नवीन नाही!) लुईस हाईन नावाचा एक मास्तर होता. शाळेतली नोकरी सोडून 1908 मध्ये तो बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या एका समितीसाठी फोटो काढायला लागला. गिरण्यांमध्ये त्याला कोण घेणार आत? मग तो कधी बायबल विकणारा व्हायचा, कधी मशीनचे फोटो काढायला आलेला फोटोग्राफर. म्हणजे मालकांची तीच फूटपट्टीची युक्ती त्याने मालकांवरच उलटवली. मशीनशेजारी पोराला उभं करायचं आणि फोटो काढायचा पोराचा. कोटाच्या कितव्या बटणापर्यंत पोर येतं यावरून उंची मोजायची, आणि नाव, वय, काम सगळं गुपचूप वहीत टिपायचं.

1910 मध्ये व्हरमॉन्टमधल्या एका सूतगिरणीत त्याने एका मुलीचा फोटो काढला. वय बारा, चात्याच्या यंत्राला टेकून उभी, अंगावर मळका झगा. नाव लिहिलं अ‍ॅडी लेअर्ड. फोटो इतका गाजला की 1998 मध्ये अमेरिकेने त्याचं तिकीट काढलं. पुढे एलिझाबेथ विन्थ्रॉप या लेखिकेने तिचा माग काढायला घेतला, तेव्हा कळलं की नाव चुकलंय, खरं नाव अ‍ॅडी कार्ड. जुन्या जनगणनेच्या नोंदींमधून ती सापडली, तिची पुढची पिढीही सापडली. अ‍ॅडी मात्र 1993 मध्ये, तिकीट निघायच्या पाच वर्षं आधी गेली होती. आपण कोण झालो होतो हे तिला कधी कळलंच नाही. ज्यो मॅनिंग नावाच्या माणसाने मग हाईनच्या फोटोंतल्या शेकडो मुलांचा असाच पाठपुरावा केला.

डेटाबेसवर काम करणाऱ्यांना यातली गंमत लगेच कळेल. नाव चुकीचं होतं, तरी रेकॉर्ड सापडलं. चुकीचं नाव परवडतं, ते दुरुस्त करता येतं. रिकामा रकाना परवडत नाही. त्याला जोडणार काय, आणि कशाला?

हाईनलाही हे कायम जमलं नाही, हेही सांगायला हवं. 1920 नंतर त्याने मोठ्या कसबी कामगारांचे फोटो काढायला घेतले. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे वाफेच्या पंपावर वाकलेला, हातात भलामोठा पाना घेतलेला मेकॅनिक. शाळेच्या पुस्तकापासून पोस्टरपर्यंत सगळीकडे तो दिसतो. त्या फोटोच्या नावात पंप आहे, पॉवर हाऊस आहे, हुद्दा आहे, पण माणसाचं नाव नाही. लोक म्हणतात, ती पोझ आहे, असं वाकून कोणी नट आवळत नाही. मला पोझचं काही वाटत नाही. आपलं काम आपल्याला हवं तसं, ऐटीत दाखवायचा हक्क त्या मेकॅनिकलाही आहे. आपण लिंक्डइनवर दुसरं काय करतो? मला खटकतो तो फक्त गाळलेला रकाना. मुलांची नावं लिहिली कारण ती पुरावा म्हणून लागणार होती. मोठा माणूस 'कामगार' म्हणून चालून गेला.

आपल्याकडे काहीच झालं नाही असंही नाही. सुनील जाना यांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे खाणी आणि पोलाद कारखान्यांमधली माणसं टिपली. आपल्या सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षं जाऊन काम केलं. गिरणगावच्या माणसांच्या तोंडून त्यांचा इतिहास सांगणारं नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं पुस्तक 2004 मध्ये आलं. पण हे सगळे मोठे लोक. प्रत्येक तालुक्याला एकेक ओलवे कुठून आणणार? मुद्दा असा की आता त्याची गरजही नाही. सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आहे.

आणि इथेच माझी स्वतःची चूक सांगायची वेळ येते.

2022च्या मे महिन्यात मी गावी गेलो होतो. आजोबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. कॉलनीत त्यांच्या बरोबरीचे एकच जण उरले होते. टर्नर होते, सगळे त्यांना मिस्त्रीआबा म्हणायचे. मी तो ग्रुप फोटो घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, फोटो उजेडाकडे धरला आणि आधी मलाच झापलं, "पोट्ट्या, एवढ्या वर्षांनी नावं कायले पाह्यजे तुले? पेन्शन काढून देतं का त्यायची?"

मग मात्र बोट फिरायला लागलं. "हा पाय, हा फोरमन. कसा बसला खुर्चीत, पाह्यलं ना? अन् हा त्याच्या मांगचा, हा खरा माणूस. याच्या कानात मशीन होती. बेअरिंग गरम व्हायच्या आधीच त्याले समजे." एकेकाचं नाव, गाव, खातं, आणि एकेक किस्सा. कोणी मूलचा, कोणी राजुऱ्याचा, कोणी थेट आलापल्लीहून आलेला. आजोबांवर बोट आल्यावर म्हणाले, "तुहा आजा तर कागदाले हात लावून ओल सांगे. लॅबवाला मागून येऊन तेच सांगे."

अकरा नावं झाली आणि ते थकले. मी पेन्सिलने फोटोच्या मागे लिहून घेतली. बाकीची तेवीस दिवाळीत घेऊ म्हटलं. "ये ना बाप्पा, मी कुठी चाललो," म्हणाले.

दिवाळीत आमचा रिलीज होता. गेलो नाही. फोनवर नावं विचारणं बरं वाटेना, त्यांना फोटो समोर लागायचा. जानेवारीत गेलो तेव्हा त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. मी फोटो समोर धरला. त्यांनी एका चेहऱ्यावर बोट ठेवलं, बराच वेळ ओठ हलवले, आणि शब्द काही आला नाही. बोट मात्र त्यांनी उचललं नाही. उन्हाळ्यापर्यंत ते गेले. मधल्या रांगेतला उजवीकडून पाचवा तो चेहरा. मिस्त्रीआबा त्याला ओळखत होते एवढंच मला ठाऊक आहे.

त्या रिलीजमध्ये काय होतं, हे आज मला आठवतही नाही.

असो. आता दोन आक्षेप येतील, त्यांच्याबद्दल बोलून घेतो.

पहिला, हे सगळं कामगाराचं उदात्तीकरण आहे. पगार, सुरक्षा, फुप्फुसातली धूळ यांचं बोला, फोटो काय कामाचे? अगदी मान्य. हसऱ्या, हेल्मेट घातलेल्या कामगाराचा चकचकीत फोटो कंपन्यांच्या कॅलेंडरवरही असतो. पण नाव, वर्ष आणि खातं लिहिलेला फोटो कॅलेंडरच्या कामाचा नसतो, तो नोंदीच्या कामाचा असतो. अमुक माणूस, अमुक साली, अमुक मशीनवर, अमुक अवस्थेत काम करत होता, हे सांगणारा कागद उद्या हक्कासाठी भांडतानाही उपयोगी पडतो. हाईनच्या फोटोंनी बालमजुरीविरुद्धच्या कायद्यांना बळ दिलं ते त्यातल्या वहीमुळे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. 'कसबी कामगार' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पाना घेतलेला पुरुष येतो. आजोबांच्या मशीनवर जो बांबू यायचा तो तोडणाऱ्यांचं काय? या भागातले कागद कारखाने अनेक दशकं चालले ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूवर. बांबू तोडणं हे येड्यागबाळ्याचं काम नाही. कोवळी काठी सोडायची, जमिनीपासून थोडं वर, पेराच्या वर वार करायचा, नाहीतर पाणी साचून बेट कुजतं. हे न शिकता तोडलं तर पुढच्या खेपेला बांबूच नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि आपला बांबू स्वतः विकण्यासाठी लागणारं वाहतूक पासांचं पुस्तक हातात यायला एप्रिल 2011 उजाडलं. माझ्या यादीत त्यामुळे मशीनमनच्या आधी बांबू तोडणारा आणि तोडणारी यायला हवेत. चौतीस जणांच्या फोटोत ते नव्हतेच, त्यांना मशीनसमोर कोण उभं करणार?

तर मंडळी, शेवटी एक छोटं काम सांगतो. पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा घरातल्या, शेजारच्या एका तरी कसबी माणसाचा फोटो काढा. फिटर, बॉयलरवाला, आरागिरणीतला मिस्त्री, कोळसा खाणीतली पंपवाली, बांबू तोडणारी आत्या, कोणीही. आधी विचारा, मग काढा. कारखान्यात फोन नेता येत नसेल तर गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर काढा, नाहीतर घरी अंगणात, हातात हत्यार देऊन. त्यांना हवी ती पोझ घेऊ द्या. आणि चार गोष्टी लगेच लिहा: नाव, गाव, काम, वर्ष. फाईलच्या नावात टाका, मागे पेन्सिलने लिहा, काहीही करा. स्पेलिंग चुकलं तर चुकू दे.

मी माझ्यापासून सुरुवात केली आहे. ग्रुप फोटो स्कॅन केलाय, अकरा चेहऱ्यांवर नावं टाकली आहेत आणि तेवीस रकाने रिकामे ठेवून त्याच्या प्रिंट काढल्या आहेत. या दिवाळीत मूल, राजुरा, आलापल्ली असा फेरा आहे. त्या अकरा जणांच्या घरी कोणीतरी असेलच, आणि त्यातल्या एखाद्या आजीला मधल्या रांगेतला उजवीकडून पाचवा माणूस आठवेल अशी आशा आहे.

रजा टाकली आहे. रिलीज असला तरी जाणार.